घरच्या माणसाला कुलूप कशाला?

साबणाच्या त्या कारखान्यात सकाळी सातच्या पाळीला स्टोअरची खिडकी उघडली की पहिलं काम ठरलेलं असे. स्टोअरवाली रजिस्टर पुढे ओढायची आणि दुरुस्तीला जाणाऱ्या प्रत्येक फिटरच्या नावासमोर लिहायची, 'कुलूप दिले'. फिटर सही ठोकायचा आणि रिकाम्या हातांनी निघून जायचा. कुलपं तिच्या पाठीमागे खिळ्यांना लटकलेलीच असत, चोवीसच्या चोवीस, धूळ खात. दुपारी पाळी सुटताना ती त्याच रांगेत 'परत मिळाले' असंही लिहून टाकायची. हसू नका. न वाचता, न बघता आपण कुठेकुठे सह्या केल्या आहेत, ते आधी आठवा.

नियम साधा होता. मशीनमध्ये हात घालण्याआधी खालच्या मजल्यावरच्या पॅनेलचा मुख्य स्विच बंद करायचा, त्याला स्वतःचं कुलूप लावायचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. जो आत उतरला, त्यानेच बाहेर येऊन ते उघडायचं, दुसऱ्या कोणी नाही. भिंतीवर हे हातभर अक्षरांत रंगवलेलं होतं. पण दुरुस्ती खात्यात भिंतीपेक्षा फोरमनचा शब्द मोठा होता.

फोरमनला सगळं खातं 'मामा' म्हणायचं. तीस वर्षांत त्यांनी आपले भाचे, पुतणे, मेहुणे, मेहुण्याचे मेहुणे एकेक करून कामाला लावले होते. कोणाचं लग्न अडलं, कोणाचं मूल आजारी पडलं, तर मामा धावून जात. एखादा नवखा कुलूप मागायला लागला, की मामा त्याच्या खांद्यावर हात टाकून विचारत, "का रे बाबा, माझ्यावर भरवसा नाही?" आजूबाजूचे खो-खो हसत आणि तो बिचारा मान खाली घालून जिना चढायला लागे. मामा स्वतः पॅनेलपाशी उभे राहत. झालं! कुलूप लावणं म्हणजे मामांच्या तोंडावर त्यांचा अपमान करणं, अशी रीतच पडून गेली. वाईट रीत आपलं तोंड वाईट करून थोडीच येते? इथे ती आदराचं तोंड घेऊन आली होती, म्हणून कोणाला ओळखता आली नाही.

स्टोअरवाली या मामांची धाकटी मुलगी, आणि तिचा नवरा त्याच खात्यात फिटर.

वरच्या मजल्यावर साबण घोटणाऱ्या मोठ्या मिक्सरचं बेअरिंग आठ दिवस किंचाळत होतं. "बाबा, एकदा लाईन थांबवून बदलून टाका ना," ती दोनदा म्हणाली होती. "चालतंय तोवर चालू दे," मामा म्हणाले, "मालाच्या गाड्या खोळंबल्यात." नवव्या दिवशी मिक्सर अडकलाच. अर्ध्या तासाचं काम अर्ध्या दिवसावर गेलं आणि मॅनेजरचे फोनवर फोन सुरू झाले.

तिचा नवरा खिडकीशी आला. "एक कुलूप दे गं."

ती चकित झाली. "आज काय नवीन?"

"आत उतरावं लागणार. कमरेपर्यंत आत जाऊन पाती सोडवायची आहेत. मनाला बरं वाटेल."

ती खिळ्याकडे वळली, तोच मागून मामांचा आवाज आला. "काय जावईबापू, सासऱ्यावर संशय? तोही माझ्या पोरीदेखत?"

जावयाचे कान लाल झाले. "तसं नाही हो मामा."

"मग चला. मी आहे ना खाली!"

खिडकीपाशी उभे असलेले सगळे हसले. तीही हसली. हो, हसली ती, आणि पुढे कित्येक दिवस तिला त्या हसण्याची लाज वाटत राहिली. तिने वेळ टाकून लिहिलं, 'कुलूप दिले'. त्याने सही केली आणि गेला.

मामा पॅनेलपाशी उभे होते, यात खोटं काही नाही. वीस मिनिटं ते हलले नाहीत. मग मॅनेजरने त्यांना वर केबिनमध्ये बोलावलं, लाईन कधी सुरू होणार ते विचारायला. दोन मिनिटांचंच तर काम, म्हणून ते गेले. तेवढ्यात पॅकिंगचा ऑपरेटर खाली आला. स्विच बंद, कुलूप नाही, जवळ चिटपाखरू नाही. काम आटोपलं असं समजून त्याने स्विच वर केला. त्याला काय बोल लावायचा?

मिक्सर पुरता एक फेराही फिरला नाही. पण तिच्या नवऱ्याचा उजवा हात कोपरापासून गेला.

तिसऱ्या दिवशी मॅनेजर फळं घेऊन दवाखान्यात आला, हळहळला, आणि जाताना तिला व्हरांड्यात गाठून म्हणाला, "रजिस्टर स्पष्ट आहे बाई. नऊ वाजून दहा मिनिटांनी तुम्ही कुलूप दिलंत, त्याने घेतलं, सही केली. आणि लावलं नाही. स्वतःचा निष्काळजीपणा. शुक्रवारी चौकशी अधिकारी येताहेत, तुम्ही फक्त अक्षर तुमचं आहे एवढं सांगा."

आपल्याच अक्षरांनी आपल्याच माणसाला दोषी ठरवलं होतं.

माहेरी आई डोळ्यांना पदर लावून बसलेली. "दोन महिने राहिलेत त्यांच्या निवृत्तीला. या वयात बापाला चौकशीत उभं करशील?"

मामा ताटातलं अन्न तसंच टाकून उठले.

ती नवऱ्याकडे गेली. निदान तो तरी आपल्या बाजूने बोलेल! पण तो छताकडे बघत म्हणाला, "मामांचं नाव नको घेऊस. त्यांनीच मला चिकटवलं कामाला. माझी चूक म्हणून लिहू देत. हात काय परत येणार आहे?"

"हात नाही येणार," ती म्हणाली. "पण उद्या तुमच्या जागेवर जो आत उतरेल, त्याला हे लोक तुमचं उदाहरण देतील. बघा, कुलूप हातात असून लावलं नाही गाढवाने. आणि कुलपं खिळ्यावरच राहतील. मला नाही हे सहन होणार."

मग डाव्या हाताने त्याने तिचं मनगट धरलं आणि सोडलं नाही.

शुक्रवारी चौकशी अधिकाऱ्याने रजिस्टर तिच्यापुढे सरकवलं. "अक्षर तुमचं?"

"माझंच. आणि खोटं आहे."

"कुठली नोंद खोटी?"

"सगळ्या. चार वर्षांच्या. एकही कुलूप स्टोअरच्या खिडकीतून बाहेर गेलेलं नाही. त्या दिवशी त्यांनी मागितलं होतं, साहेब. मी दिलं नाही."

मॅनेजर खुर्चीतून अर्धा उठला. "बाई, नोकरी जाईल तुमची, कळतंय का?"

"जाऊ दे. स्टोअरमध्ये या आणि कुलपांवरची धूळ बघा. ती काही मी कालच्या रात्रीत आणून टाकलेली नाही."

अधिकाऱ्याने मामांकडे पाहिलं. ते भिंतीशी बसले होते. आयुष्यभर ज्यांच्या एका शब्दावर माणसं मशीनमध्ये उतरली, ते भिंतीचा आधार घेत उठले. अखेर ते म्हणाले, "पोरगी खरं बोलते."

त्याच दुपारी बापलेक दोघांनाही कामावरून थांबवलं. फाटकापाशी उभे असलेले भाचे-पुतणे तिला पाहून बाजूला झाले. एक जण तर मोठ्याने म्हणाला, "बापाला बुडवलं हिने." ती ऐकून पुढे गेली.

संध्याकाळी मामा तिच्या दारात आले. आत येईनात. "चप्पल घाल," म्हणाले. "एका घरी जायचंय. एकट्याने जायची माझी हिंमत नाही."

वाटेत त्यांनी सांगितलं. नऊ वर्षांपूर्वी, ती कामाला लागायच्या आधी, याच मिक्सरमध्ये एक फिटर गेला होता. तेव्हाही रजिस्टरमध्ये 'कुलूप दिले' होतं. तेव्हाही निष्काळजीपणाच लिहिला गेला. "खाली तेव्हाही मीच होतो," मामा म्हणाले. "आणि त्या कागदावर साक्षीदार म्हणून सही माझी आहे."

ती रस्त्यातच थांबली. क्षणभर तिला बापाचा असा संताप आला की परत फिरावंसं वाटलं. मग ती चालू लागली, पण त्यांच्यापासून दोन पावलं लांबून.

त्या फिटरची बायको पहिल्या मजल्यावरच्या खोलीत लोकांचे कपडे शिवायची. मामांना बघून ती गडबडीने उठली, खुर्चीवरचे कपडे उचलले. "मामा? या ना, बसा. किती वर्षांनी!"

मामा बसले नाहीत. उंबऱ्याशी उभ्या उभ्याच त्यांनी सगळं सांगितलं. अडखळले, पण काही गाळलं नाही.

बाईने हातातल्या कापडाची घडी घालून ते बाजूला ठेवलं. आतल्या खोलीत तिची चौदा वर्षांची मुलगी मोठ्याने धडा पाठ करत होती.

"ती विचारायची," बाई हळू आवाजात म्हणाली, "बाबा कसे गेले म्हणून. मी सांगायचे, आळस केला त्यांनी. साधं कुलूप लावायचा कंटाळा केला आणि आपल्याला उघड्यावर टाकून गेले. तिच्याकडून काही राहिलं, काही विसरलं, की मी म्हणायचे, बापावर जाऊ नकोस. नऊ वर्षं म्हणत आले हो मी. कालसुद्धा म्हटलं."

मामांनी हात जोडले. "मला क्षमा कर, पोरी."

"मला नका सांगू," ती म्हणाली. मग आत वळून तिने हाक मारली, "बेटा, पुस्तक ठेव आणि बाहेर ये. मामांना तुझ्या बाबांबद्दल काही सांगायचंय."