ट्रकचा आडोसा

मित्रांनो, मी एक जुना लाल दिवा आहे. मोटरसायकलच्या मागच्या चाकावर, नंबरप्लेटच्या डोक्यावर माझं घर. जगात पुढे तोंड करून पुढे जाणारे पुष्कळ आहेत, मागे तोंड करून पुढे जाणारे आम्ही थोडेच. त्यामुळे आयुष्यातली कोणतीही गोष्ट मला येताना दिसली नाही, सगळं गेल्यावरच दिसलं. खड्डा आधी अंगाला कळतो आणि मग डोळ्यांना. माणसं याला अनुभव म्हणतात आणि वर अभिमानही बाळगतात.

माझा जन्म कारखान्यात झाला. लाल प्लास्टिकचा गरम रस साच्यात शिरला, साचा मिटला, उघडला, आणि मी बाहेर पडलो. माझ्या आधीचा भाऊ माझ्यासारखा, नंतरचाही माझ्यासारखा, त्यामुळे लाडका कोण हा प्रश्न आमच्यात कधी उठलाच नाही. पुढे मला एका मोटरसायकलवर बसवलं. तिथे समोरच्या बाजूला एक मोठा दिवा होता. नात्याने तो माझा थोरला भाऊ. एकाच बॅटरीवर आम्ही दोघं जगतो, पण आजवर एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही. आमचं भांडण कधी झालं नाही, त्याचं श्रेय मी यालाच देतो.

आमची गाडी एका काचवाल्याने घेतली. त्यांना मी मालक म्हणतो आणि त्यांच्या पत्नीला मालकीणबाई. दुकानात एक लांबलचक टेबल होतं, त्यावर जाड सतरंजी. मालक काच तिच्यावर आडवी घालत, पट्टी लावून काच कापायची हिरकणी ओढत, काठावर हलकेच टकटक करत, आणि काच ऐकल्यासारखी बरोबर रेघेवर तुटत असे. घरात त्यांचं इतकं कोणी ऐकत नव्हतं.

माझं काम सोपं होतं. मालकांनी ब्रेक दाबला की मी उजळायचं. म्हणजे मालकांना थांबायचं आहे ही बातमी मागच्याला पोचवायची. मागचा शहाणा असेल तर दुरूनच वेग कमी करी. शहाणा नसेल तर इतका जवळ येई की त्याच्या चकचकीत बंपरमध्ये मला माझंच लाल तोंड दिसे. त्यामुळे मी आरशाला घाबरतो. आपलं तोंड स्पष्ट दिसणं ही माझ्या धंद्यात धोक्याची खूण आहे.

कापलेल्या काचा गिऱ्हाइकाकडे पोचवायच्या म्हणजे अशी तऱ्हा होती. पुढे मालक, मागे मालकीणबाई, आणि दोघांच्या मध्ये रस्त्याला आडवी, उभी धरलेली काच, जुन्या गोधडीत गुंडाळलेली. मालकीणबाई तिला दोन्ही हातांनी कवटाळून बसत. त्यांना पुढचं काही दिसत नसे. गोधडीवरची फुलं तेवढी दिसत. मित्रांनो, काच अशी न्यावी असं माझं म्हणणं नाही. पण तेव्हा मला कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मी फक्त लाल झालो असतो.

अडचण होती वाऱ्याची. काच वाऱ्यासमोर धरली की तिचं होडीचं शीड होतं. गाडी एकीकडे, काच दुसरीकडे, आणि मालकीणबाई दोघांच्या मध्ये समजूत घालत. यावर मालकांनी एक युक्ती काढली. मोठा ट्रक दिसला की त्याच्या अगदी मागे गाडी घालायची. ट्रक म्हणजे चालती भिंत. भिंतीमागे वारा नाही आणि काच गप्प.

ट्रकच्या मागच्या फळीवर 'सुरक्षित अंतर ठेवा' असं लिहिलेलं असे. मालक ते इतक्या जवळून वाचत की रंगाऱ्याच्या ब्रशचा एखादा केस अक्षरात अडकला असेल तर तोही सापडावा. थोरल्या भावाचं तर सगळं तारुण्य त्या फळ्या बघण्यात गेलं. त्याला रस्ता असा कधी दिसलाच नाही.

"अहो, जरा मागे राहा ना," मालकीणबाई गोधडीमागून म्हणत. "त्या ट्रकच्या खिशात हात घालायचाय का?"

"मागे राहिलो की वारा लागतो. वारा लागला की काच हलते. काच हलली की तू ओरडतेस. मी तुझ्यासाठीच जवळ राहतो."

"माझ्यासाठी काही करायचंच असेल तर मोरीतला नळ दुरुस्त करा. तिथे ट्रक नाही."

"आजवर एक काच फुटली का?"

"काच नाही फुटली हो. पण एक दिवस माझं काहीतरी फुटेल."

मालक हसत. गिऱ्हाइकं कौतुक करत की या माणसाची काच कशी जशीच्या तशी पोचते. कौतुक फार झालं की माणूस चुकीलाही पद्धत म्हणू लागतो. मालकांची ती पद्धतच झाली.

एव्हाना मी जुना झालो होतो. मालक थोरल्याला रोज पुसत, कारण तो पुढे होता. टाकी पुसत, कारण ती चमके. माझ्यावर चाकाचा चिखल उडून वाळे, त्यावर नवा उडे. मी उजळलो तरी बाहेर पडणारा उजेड ताकात पडलेल्या बिटासारखा दिसे. शेजाऱ्यांचं मांजर अधूनमधून पाठ घासून जाई, तेवढीच माझी आंघोळ.

मग तो दिवस आला. भर दुपार, लख्ख ऊन, खिडकीची मोठी काच आणि समोर ट्रक. त्याआधी केव्हातरी रस्त्यात एक गाडी बंद पडली होती. ती घसरू नये म्हणून कोणीतरी चाकाला दगड लावला होता. गाडी दुरुस्त झाली, माणसं हात पुसून निघून गेली. दगड तिथेच राहिला. त्याला कुठे जायचं होतं?

ट्रकची चाकं दगडाच्या दोन्ही बाजूंनी गेली. ट्रकला कळलंही नाही. ट्रकच्या पोटाखालून दगड सुखरूप बाहेर आला तो थेट आमच्या पुढच्या चाकासमोर. मालकांनी ब्रेक दाबला. मी चिखलाआडून होता नव्हता तेवढा उजळलो. पण मधे जागाच नव्हती, तर ब्रेक तरी थांबवणार कुठे? चाक दगडावरून उसळलं, गाडी आडवी झाली, मालक एका बाजूला गेले, आणि मालकीणबाई माझ्या डोळ्यांदेखत रस्त्याच्या मधोमध पडल्या.

आणि मागून एक मोटार येत होती.

मित्रांनो, मागे बघणं हे माझं काम आहे. पण त्या क्षणी मला पहिल्यांदा वाटलं की डोळे मिटता आले असते तर बरं.

ती मोटार ड्रायव्हिंग स्कूलची होती. चालवत होत्या एक निवृत्त मुख्याध्यापिका, शिकण्याचा पहिला आठवडा. आम्ही निघाल्यापासून त्या आमच्या मागे होत्या, पण इतक्या लांब की मला त्यांचा फक्त एक ठिपका दिसत होता. त्यांच्या मागे हॉर्नची रांग लागलेली. शेजारी बसलेला शिकवणारा मास्तर, हे मला मागाहून कळलं, कपाळाला हात लावून म्हणत होता, "बाई, अहो इतकं अंतर? मधे विमान उतरेल!"

विमान नाही उतरलं, मालकीणबाई उतरल्या. मुख्याध्यापिकांनी पाय ब्रेकवर ठेवला, मोटार हळूहळू थांबत आली आणि थांबली. थांबली तेव्हाही बंपर आणि मालकीणबाईंच्या मध्ये एक खाट मावली असती. त्या बंपरमध्ये मला माझं तोंड दिसलं नाही. इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

लोक धावले. काच उडून रस्त्याकडेच्या झुडपात गोधडीसकट उभी राहिली होती, तिला ओरखडाही नाही. कोणीतरी ओरडलं, "वाचली, वाचली!"

मालकीणबाई रस्त्यावर बसून गुडघा झटकत म्हणाल्या, "कोण? मी की काच?"

मालकांचं उजवं मनगट मोडलं होतं. ते तसेच उठून बायकोपाशी आले. तिला बघितलं, मग मोटारीकडे बघितलं, आणि मग कितीतरी वेळ त्या दोघींमधल्या रिकाम्या रस्त्याकडे बघत राहिले. त्या रस्त्यावर काहीच नव्हतं. त्यांची बायको त्या 'काहीच नाही'मुळे बसून बोलत होती.

"बाई, तुम्ही थांबलात कशा इतक्या वेळेवर?" त्यांनी विचारलं.

मुख्याध्यापिका मोटारीतून खाली उतरल्या. "मला लवकर थांबता येत नाही हो," त्या म्हणाल्या. "म्हणून मी लांबून सुरुवात करते."

मास्तर त्या दिवशी पुढे काही शिकवायला धजला नाही.

मालकांच्या हाताला प्लास्टर बसलं. गाडी दुरुस्त होऊन आली, माझ्या अंगावरची चीर चिकटपट्टीने बुजवली. आता गाडी चालवणार कोण? मालकीणबाईंनी किल्ली उचलली. त्यांना गाडी येत होती. लग्नाआधी त्या भावाची गाडी चालवत. हे घरात कोणालाच माहीत नव्हतं, कारण कोणी विचारलंच नव्हतं.

मोठ्या काचा भाड्याच्या टेम्पोने जाऊ लागल्या. लहानसहान काच असली की मालकीणबाई पुढे, मधे गोधडी, आणि मागे मालक, चांगल्या हाताने काच छातीशी धरून.

पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "अगं, पुढे ट्रक आहे का?"

"आहे."

"किती जवळ आहे?"

"आहे, तिथे आहे."

"मला दिसत नाही ना! मला फुलं दिसतायत नुसती!"

"इतकी वर्षं मला काय दिसत होतं?"

मालक फुलं मोजू लागले. 

मालकीणबाईंनी अंतर मोजायची आपली एक रीत काढली. पुढचं वाहन रस्त्यावरच्या एखाद्या खांबापाशी गेलं की मोठ्याने, पण अगदी निवांत म्हणायचं, 'अहो, जरा सावकाश, घाई कसली आहे?' वाक्य संपायच्या आत आपण त्याच खांबाशी पोचलो, तर आपण फार जवळ आहोत. रस्ता ओला असेल, खडी पसरली असेल किंवा गाडीवर ओझं असेल, तर वाक्य दोनदा. भरभर म्हणून स्वतःला फसवायचं नाही. मालकांना आधी वाटलं की हे टोमणे आहेत. ते टोमणेही होते, पण मोजमाप बरोबर होतं.

एकदा आमच्या आणि ट्रकच्या मधल्या जागेत एक स्कूटरवाला घुसला.

"बघ," मालक म्हणाले, "जागा सोडली की कोणीतरी घुसतं."

"घुसू दे. बाकावर कोणी आलं तर आपण सरकतोच ना?" असं म्हणून त्यांनी गाडी आणखी थोडी मागे घेतली. आम्हाला पोचायला उशीर झाला असेल. पण मी मागे बघत होतो, आणि मला तरी तो कुठे दिसला नाही.

प्लास्टर निघालं तेव्हा मालकीणबाईंनी किल्ली मालकांच्या हातावर ठेवली. त्या दिवशी एका शिंप्याच्या दुकानात आरसा पोचवायचा होता. फार मोठा नव्हता, पण वारा सुटला होता. आरशाच्या कडांना कापड बांधलं, तोंड मालकीणबाईंकडे केलं. त्या मागे बसल्या आणि त्यांनी आरसा धरला. त्यांची पकड मला नेहमीपेक्षा घट्ट वाटली. मनगट जुळतं. सवय मोडली की नाही, हे मात्र प्लास्टर काढून बघता येत नाही.

वाटेत वाऱ्याचा झोत आला आणि आरसा कलला. नेमका तेव्हाच आम्हाला ओलांडून एक उंच ट्रक पुढे गेला. आडोसा आपणहून चालत आला होता.

मालकीणबाई काहीच बोलल्या नाहीत. नळाचं नाही, खिशाचं नाही.

मग माझ्या तारेत हलकीशी ऊब आली. मी उजळलो. मालकांनी ब्रेकवर बोटं टेकवली होती. ट्रक लांब गेला, आणखी लांब गेला, आणि मालकांनी गाडी कडेला घेऊन एका गोदामाच्या भिंतीलगत उभी केली. ही भिंत चालत नव्हती. तिच्या आडोशाला दोघं उतरले. मालकांनी शिंप्याला फोन लावला.

"उशीर होईल. हो, आरसा ठीक आहे. नाही नाही, गाडीही ठीक आहे. वारा जाऊ दे, मग येतो. आम्हाला दोघांना यायचंय ना."

वारा पडल्यावर आम्ही निघालो. थोडं पुढे गटाराचं झाकण कोणीतरी काढून नेलं होतं, रस्त्यात नुसतं काळं भोक. पण आता समोर ट्रकची फळी नव्हती, रस्ता मोकळा दिसत होता. मालकांनी ते लांबूनच पाहिलं, वेग कमी केला, मागे कोण आहे ते बघितलं, आणि शांतपणे वळसा घातला. गाडीला धक्काही बसला नाही. नेहमीप्रमाणे मला ते गेल्यावर दिसलं. भोक लहान होत होत मागे राहिलं. ते जाताना दोघांनीच पाहिलं. एक मी, आणि दुसऱ्या मालकीणबाई, आरशात. त्यांची पकड सैल झाली. मला जाणवलं.

मित्रांनो, वाचलेल्या अपघाताची कुठे बातमी होत नाही. तो नुसता मागे जातो आणि लहान होतो. तुम्ही मोठे व्हाल, गाडी चालवाल, तेव्हा पुढच्यापासून अंतर ठेवा. लोक हॉर्न वाजवतील, वाजवू द्या, त्यांचं तेवढंच चालतं. आणि आज घरी गेलात की दाराशी उभ्या असलेल्या गाडीच्या मागे जाऊन बघा. तिथे माझा एखादा भाऊ चिखल पांघरून बसला असेल. त्याला ओल्या फडक्याने पुसा. तुमच्या माणसाला थांबायचं आहे, हे तो मागच्याला सांगतो आहे. ते मागच्याला दिसू द्या.