भे. ना.

माझं काम म्हणजे धातूच्या पट्टीला हातोडीने टिचकी मारायची आणि ती किती वेगाने थरथरते ते लिहून घ्यायचं. सहा वर्षं हेच चाललंय. आई लोकांना सांगते, मुलगा संशोधन करतो. बाबा सांगतात, ठोकाठोकी करतो. दोघंही बरोबर आहेत.

पट्टी साधी नाही. आतून सच्छिद्र आहे. सालीजवळ दाट, आणि मध्याकडे जावं तसतशी भोकं मोठी होत जातात. प्रबंधात तिला ‘तुळई’ म्हणायचं, नाहीतर परीक्षकांना वाटतं आपण मोजपट्टीबद्दल बोलतोय. तिचं एक टोक पकडीत आवळायचं, दुसरं मोकळं सोडायचं. भेग पडली की पट्टी सैलावते आणि सावकाश थरथरते. तडा गेलेला कप बद्द वाजतो, हे भांडी विसळणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. मला तेच आकड्यांत दाखवायचं होतं.

आकडे उलटे आले. भेग नसलेली पट्टी सेकंदाला दोनशे सहा वेळा थरथरली. मोकळ्या टोकाशी चांगली ठसठशीत भेग पाडलेली, दोनशे तेरा वेळा. म्हणजे भेग पडून पट्टीची तब्येत सुधारली होती. मी हातोडी बदलली, पकड बदलली, शर्टही बदलून पाहिला. आकडे तेच.

माझ्या मार्गदर्शक मॅडम शक्यतो बोलत नाहीत. बोलल्या, “पुन्हा मोजा.” पुन्हा तेच आल्यावर म्हणाल्या, “मग लिहा.” मी लिहिलं. प्रकरण पाचवं, ‘भेगेमुळे येणारी बळकटी’, एकोणीस पानं. वाचून मलाही पटलं. प्रबंध परीक्षकांकडे गेला. तोंडी परीक्षा गुरुवारी अकराला. मुदतवाढी संपल्या होत्या. यात आपटलो की पदवी नाही आणि प्रयोगशाळेतलं टेबल रिकामं करायचं.

मंगळवारी दुपारी मामा आले. मामा कुणाचेच मामा नाहीत. पट्ट्या कापायच्या, भेगा पाडायच्या, चिठ्ठ्या डकवायच्या, हे त्यांचं खातं. पकडीतल्या पट्टीकडे बघून म्हणाले, “ही नाजूकवाली अजून टिकली होय?”

“कोण नाजूक?”

“ही काय. चिठ्ठी वाचा की.”

चिठ्ठीवर होतं, भे. ना.

“भेग नाही,” मी वाचलं.

“भेग नाजूक! केसाएवढी, पकडीपाशीच, दाट सालीत. अर्धा दिवस घातलाय मी तिच्यावर. अहो, भेगच नाही तर चिठ्ठी कशाला? तुमच्या कपाळावर ‘शिंग नाही’ असं लिहिलंय का?”

मी कपाळाला हात लावला. लिहिलेलं नव्हतं.

“मग बिनभेगेची कुठाय?”

मामांनी खिडकीकडे पाहिलं. झडप आपटू नये म्हणून फटीत एक बिनचिठ्ठीची पट्टी खोचलेली होती. खोचणारा मीच. ती काढली, पुसली, आवळली, टिचकी मारली. दोनशे चौदा.

म्हणजे मी आजाऱ्याला धडधाकट समजून बाकीच्यांची तब्येत त्याच्याशी ताडून बघत होतो.

“रेटा हो गुरुवार,” मामा म्हणाले. “परीक्षक काय पट्टीची नाडी बघणारेत? खिडकीत परत खोचतो मी. कुणाला कळतंय!”

“आणि उद्या कुणी वाचून पुलाला मुद्दाम भेग पाडली तर?”

“तुमचा प्रबंध? वाचून?”

मुद्दा बिनतोड होता. तरी मी मॅडमकडे गेलो.

“म्हणजे आपण भेगेची तुलना भेगेशी केली,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“आणि भेगच जिंकली.”

सहा वर्षांतला त्यांचा हा पहिला विनोद. हसायचं की नाही ते कळेना, म्हणून मी मान डोलावली.

“मोठी भेग कुठे आहे?”

“मोकळ्या टोकाशी. चौदाचे तेरा, एवढाच फरक.”

“आणि नाजूक?”

“पकडीपाशी. एकदम आठने उतरली.”

“मग भेग केवढी याच्याआधी भेग कुठे, हे विचारायचं. चार पानं लिहून आणा. चूक कशी झाली तेही.”

“तेही?”

“तेच आधी.”

गुरुवारी परीक्षकांनी प्रबंध उघडला. पाचव्या प्रकरणावर पिवळ्या चिठ्ठ्यांची झालर लागलेली. “हे मला सगळ्यात आवडलं,” ते म्हणाले.

“ते चुकलंय, सर.”

माझा आवाज बहुतेक दोनशे सहाच्या आसपास थरथरत असावा. मी चार पानं पुढे केली. ते वाचत होते, मॅडम छताकडे बघत होत्या, आणि मामा दाराबाहेर विनाकारण झाडू मारत होते.

“‘ना.’ म्हणजे काय समजायला हवं होतं तुम्ही?”

“समजायला नको होतं, सर. विचारायला हवं होतं.”

त्यांनी फॉर्मवर बराच वेळ लिहिलं. आज पदवी नाही. सगळ्या पट्ट्या नव्याने मोजायच्या, चिठ्ठ्या पूर्ण शब्दांत लिहायच्या, तीन महिन्यांनी पुन्हा यायचं. तीन महिने, म्हणजे टेबल राहिलं.

उठताना ते जरा घुटमळले. मॅडमचं लक्ष नाही बघून हळूच म्हणाले, “ती एकोणीस पानं मी ठेवून घेऊ का? चूक आहेत हो, पण फार पटतात.”