नायिकेला तीनदा भोवळ येते

ग्रंथालयाला लिफ्ट हवी म्हणून आम्ही नाटक करतोय, हे आता रस्त्यावरच्या खांबांनासुद्धा पाठ झालंय, कारण जाहिराती मीच चिकटवल्या. पुस्तकं दुसऱ्या मजल्यावर आणि वाचणारे सगळे गुडघेदुखीचे, म्हणून हा मदतीचा प्रयोग. नाटक साठ वर्षांपूर्वीचं, गाण्यांचं. तारघरात काम करणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलीचं तिथे तारा करायला येणाऱ्या तरुणावर प्रेम बसतं. ती बावीस गाणी म्हणते, त्याच्या आईला घाबरून तीनदा बेशुद्ध पडते आणि शेवटी नोकरी सोडून सुखी होते. एका गाण्यात ‘मी खुळी, तूच शहाणा’ हे अकरा वेळा येतं. मी मोजलंय.

नेपथ्य नाही, पोशाख नाहीत. सगळ्यांनी ओळीने उभं राहून, हातात पुस्तक धरून गायचं. भोवळीच्या जागी मी माइकवर ‘नायिकेला भोवळ येते’ असं सांगते आणि नायिका खुर्चीवर बसते. हो, निवेदिका मी आहे. गेल्या वर्षीपर्यंत शाळेत हजेरीला माझं ‘हजर’ बाईंना ऐकू जायचं नाही आणि मी अर्धे दिवस गैरहजर लागायचे. मग वक्तृत्वात बक्षीस मिळालं. तेव्हापासून घरात रेडिओ लावायची गरज उरली नाही असं आई म्हणते. तार म्हणजे काय हे आजच्या लोकांना समजावणारं माझं निवेदन पाच पानी आहे. ग्रंथपालबाई म्हणाल्या, दोन पानं पुरे. मी बरं म्हटलं आणि अक्षर बारीक केलं. या बाईंना सगळे हळूबाई म्हणतात. आयुष्यभर वाचकांना ‘हळू, हळू’ करत आल्या, आता दिग्दर्शन करताना गायकांनाही तेच सांगतात.

नायिका माझी आत्या आहे. वय त्रेपन्न, कपडे धुऊन-इस्त्री करून देण्याचं दुकान, आवाज असा की इस्त्रीच्या वाफेतूनही पलीकडच्या फुटपाथवर पोचतो. पण गेल्या एकतीस वर्षांत ती लोकांसमोर गायलेली नाही. एकतीस वर्षांपूर्वी हेच नाटक झालं तेव्हाही नायिका तीच होती. तिसऱ्या अंकातल्या मोठ्या गाण्याचं चौथं कडवं आलं आणि तिच्या डोक्यातली पाटी कोरी झाली. पेटीवाल्यांनी तोच तुकडा सात वेळा वाजवला. आठव्यांदा त्यांनी मान वर केली तर आत्या मागच्या दाराने, नायिकेच्या पोशाखात, थेट घरी गेलेली. त्यानंतर कितीतरी वर्षं गिऱ्हाईकं शर्ट टाकायला आली की तो तुकडा गुणगुणायची.

यंदा ती तयार झाली ती फक्त हातात पुस्तक असणार म्हणून. हे तिने हळूबाईंना तीनदा विचारून घेतलं. प्रयोगाला आता चारच दिवस होते आणि आम्हाला सगळ्यांना एकच धाकधूक होती, की आत्या शेवटपर्यंत उभी राहील ना. नायकाची काळजी नव्हती. नायक दातांचे डॉक्टर आहेत. प्रेमगीतातसुद्धा त्यांची नजर आत्याच्या दाढांवर असते.

शेवटच्या तालमीत आत्याने कमाल केली. चौथं कडवं तिने असं म्हटलं की हळूबाई ‘हळू’ म्हणायच्या विसरल्या. मी शेजारीच उभी होते. कौतुकाने सहज तिच्या हातातल्या पानाकडे बघितलं तर तिथे लिहिलं होतं: करडा कोट, एक. डाग शाईचा, डावी बाही.

झालं होतं असं. नाटकाची पुस्तकं छापखानेवाल्यांनी फुकट बांधून दिली, पण उरल्यासुरल्या लाल पुठ्ठ्यात. आत्याच्या दुकानातली कपड्यांची वहीही त्यांच्याकडचीच, तशीच लाल, तेवढीच लांब. आत्या गडबडीत ती घेऊन आली होती आणि वेळच्या वेळी बोट ओलं करून पानं उलटत अख्खा अंक गायली होती. गाणं संपल्यावर वही पिशवीत टाकत ती मला म्हणाली, “बरं बाई पुस्तक असतं ते. नाहीतर माझं काही खरं नव्हतं.”

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे जगजाहीर आहे. तरी मी चार दिवस गप्प बसले. सांगितलं तर ती पुन्हा मागचं दार शोधेल, असं वाटायचं. आईने दोनदा माझा ताप बघितला.

प्रयोगाच्या दिवशी दुपारी मी दुकानात होते. एक गिऱ्हाईक परवा टाकलेला पडदा न्यायला आलं. आत्याने वही उघडली, नोंद वाचली आणि तिचं बोट थांबलं. पडद्याच्या नोंदीच्या वर छापील अक्षरांत नायिकेचं तिसरं गाणं होतं. परवाचा पडदा तिने नाटकाच्या पुस्तकात लिहिला होता. गल्ल्यावर दुसरी लाल वही पडलेली होतीच. तिने दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या आणि माझ्याकडे बघितलं.

“तालमीत माझ्या हातात काय होतं गं?”

पाच पानी निवेदन लिहिणारी मी, दोन शब्दांवर आले. म्हटलं, “करडा कोट.”

“संपूर्ण अंक?”

“शेवटी दोन चादरी पण होत्या.”

आत्याने पडदा काढून आणला, चौकोनी घडी घालायला लागली आणि घडी घालता घालता हलकेच चौथं कडवं म्हणू लागली. गिऱ्हाईक हातात नंबराचा बिल्ला धरून उभं होतं. एका ओळीवर ती थांबली, पडद्याची सुरकुती हाताने सपाट केली आणि पुढची ओळ म्हटली. मग उरलेलं सगळं. पडदा कागदात गुंडाळून तिने गिऱ्हाइकाच्या हातात दिला.

मी विचारलं, आता मग पुस्तक नकोच ना.

“नको कसं? धरणारच. नुसते हात घेऊन उभं राहायचं कसं, हे मला एकतीस वर्षांपूर्वीही कळलं नव्हतं.”

तिने इस्त्री बंद केली, केस विंचरले, सातच्या प्रयोगासाठी साडेतीनलाच पिशवी खांद्याला लावली आणि मला बाहेर ओढून दुकानाला कुलूप घातलं. गिऱ्हाईक पडद्यासकट आतच होतं.