शेखरच्या वेळी

पाच वर्षांचा गोरक्ष लघवीला उभा राहिला की टाचा उचलायचा, मुठीत धरून ओढायचा आणि ओठ चावून रडायचा. सून उज्वला म्हणाली, उन्हाळी लागली असेल, धन्याचं पाणी देऊ. सुनेपुढं कधी आवाज न चढवणारी कुसाबाई त्या दिवशी मात्र अडून बसली. "पाणी नको. खडा हे त्याला. उद्या नाशिकला न्या."

देवळ्याहून सकाळीच निघाले. गंगापूर रोडवरच्या दवाखान्यात सोनोग्राफी झाली. मूत्राशयात खडा होता, लिंबोळीएवढा. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं, की पोट कापायचं नाही. बेंबीखाली बारीकसं छिद्र पाडून दुर्बीण आत घालायची, लेझरनं खडा फोडायचा आणि तुकडे काढून घ्यायचे. कुसाबाईनं ते त्यांना दोनदा सांगायला लावलं.

सगळं नीट पार पडलं. नळी काढल्यावर गोरक्षनं न रडता लघवी केली आणि धार किती लांब गेली ते आईला दाखवलं. उज्वला हसता हसता रडायला लागली. कुसाबाईनं पोराचा सदरा वर करून पाहिलं. पोटावर बोटभर पट्टी, बाकी काही नाही.

गोरक्षच्या बापाच्या, योगेशच्या आधी तिला एक मुलगा होता, शेखर. तोही असाच टाचा उचलून रडायचा. सासरे म्हणाले, लेकराच्या पोटाला सुरी लावायची नाही. मग कुळथाचं पाणी, कुणी सांगितलेला पाला, अंगारा. शेवटी लघवी बंद झाली, तोंड सुजलं, ताप चढला. नाशिकला नेताना चांदवडच्या अलीकडेच तो जीपमध्ये तिच्या मांडीवर गेला. पुढं सगळे म्हणत राहिले, त्या दुखण्याला इलाजच नव्हता. त्या शब्दांच्या आधारावर तिनं इतकी वर्षं काढली.

डॉक्टरीणबाई तपासून निघाल्या तशी ती त्यांच्या मागोमाग बाहेर गेली. पूर्वी या खड्याला काही इलाज होता का, असं तिनं विचारलं. कुणासाठी विचारतेय ते सांगितलं नाही.

"होता ना, आजी," त्या म्हणाल्या. "तेव्हा पोट उघडून काढायचे. मोठी जखम व्हायची, पण बहुतेक पोरं वाचायची."

कुसाबाई बाकड्यावर बसली. योगेश तिला शोधत आला तेव्हा तिचा पदर भिजला होता.

"आई, आता कशाला रडतेस? झालं ना सगळं नीट?"

"तुझ्या आधीचा शेखर," ती म्हणाली. "त्यालाबी हेच होतं."

थोरला भाऊ तापानं गेला, एवढंच योगेशला ठाऊक होतं. घरात ते नाव कुणी काढत नसे. तो तिच्याजवळ बसला. तिनं त्याला शेखरचं रडणं सांगितलं, सुजलेलं तोंड सांगितलं, जीप सांगितली. सासऱ्यांचं बोलणं तेवढं सांगितलं नाही. योगेश आजोबांच्या खांद्यावर वाढलेला. ते गेले तेव्हा तो आठ दिवस नीट जेवला नव्हता.

सगळं ऐकल्यावर तो म्हणाला, "तेव्हा काढता येत नव्हता का गं खडा?"

कुसाबाईनं तोंड पुसलं.

"नव्हता येत," ती म्हणाली, आणि नातवाला चहा-बिस्कीट चालेल का ते विचारायला नर्सकडं गेली.