सहा फुटी समुद्र आणि दोन मोजे

"बाबा, तुमच्या पायात आत्ता कोणत्या रंगाचे मोजे आहेत?"

प्रश्न तिचा नव्हता. प्रश्न भोंग्याचा होता आणि तो विचारायची पैज उंटिणीने लावली होती. भोंगा म्हणजे अशी मैत्रीण, की तिच्या कानात सांगितलेली गोष्ट मधल्या सुट्टीपर्यंत शिपायाला पाठ असते. उंटीण म्हणजे उंच मैत्रीण. ती स्वतः काही करत नाही, दुसऱ्यांना करायला लावते. आणि जिने प्रश्न विचारला तिला या दोघी मूग म्हणायच्या. गेल्या वर्षीपर्यंत ती हजेरीच्या वेळीसुद्धा मूग गिळून बसायची. बाईंनी दोनदा ती समोर बसलेली असताना तिला गैरहजर लावलं होतं आणि तिने तेही ऐकून घेतलं होतं. यंदा मात्र तिला असा काही कंठ फुटला होता, की बाईच हात जोडायच्या. नाव तेवढं जुनं राहिलं.

शनिवारची दुपार होती. तिघी हॉलमध्ये फरशीवर शाळेचा तक्ता रंगवत बसल्या होत्या आणि त्यांच्या नाकासमोर बाबांचे पाय होते. उरलेले बाबा वर होते. स्टुलावर उभे, उजवा हात खांद्यापर्यंत पाण्यात, गाल काचेला चिकटलेला आणि तळाच्या एका दगडाची मनधरणी चाललेली: "जरासा डावीकडे ये रे, जरासाच." एका पायात शेवाळी मोजा होता, दुसऱ्यात विटकरी.

"मोजे?" बाबा दगडावरची नजर न काढता म्हणाले. "तपकिरी."

"दोन्ही?"

"दोन पायांत दोन वेगळे घालतात का कुणी? तो टॉवेल दे."

भोंग्याने स्वतःच्या तोंडात स्वतःची वेणी कोंबली. उंटीण तक्त्यावर आडवी झाली आणि तिच्या कोपराला निळा रंग लागला. बाबांनी खाली पाहिलं. मुलींकडे पाहिलं, मोज्यांकडे पाहिलं, पुन्हा मुलींकडे.

"काय झालं?"

"काही नाही, काका," उंटीण म्हणाली. "मोजे झकास आहेत."

बाबा खूश झाले आणि परत समुद्रात गेले.

हो, समुद्रच. सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. सातशे लिटरला थोडं कमी. सहा आठवड्यांपूर्वी चार हमालांनी ती काचेची टाकी जिन्यातून चढवली, तेव्हा पाचवे हमाल बाबा होते आणि त्यांचं काम "सावकाश, सावकाश" असं ओरडायचं होतं. टाकी ठेवायला घरात एकच भिंत पुरेशी लांब निघाली. त्या भिंतीला आईचं कापड कापायचं टेबल होतं. आई घरीच कपडे शिवते. त्या टेबलावर अर्ध्या गल्लीची मापं कापली गेली आहेत. टेबल बाल्कनीत गेलं. आई एक शब्द बोलली नाही, आणि ती बोलत नाही म्हणजे काय हे घरात बाबा सोडून सगळ्यांना कळतं. सगळ्यांना म्हणजे मूगला.

बाबांचं काम वजनकाटे तपासायचं. दुकानादुकानांत जायचं, काटा खरा बोलतो की खोटा ते पाहायचं, खोटा असेल तर त्याला वठणीवर आणायचं. साहजिकच समुद्रसुद्धा त्यांनी मोजूनमापून बनवला. मीठ ग्रॅमवर. तापमान अर्ध्या अंशावर. फ्रिजवर एक तक्ता, त्यात रोजची तारीख, रोजचं तापमान, रोजचा खारेपणा आणि रोजचा अमोनिया.

हा अमोनिया म्हणजे खरा खलनायक. समुद्राच्या टाकीत लगेच मासे सोडता येत नाहीत. आधी रिकाम्या पाण्यात कोळंबीचा तुकडा कुजू द्यायचा. त्यातून अमोनिया नावाचं विष सुटतं. मग ते विष खाणारे जंतू दगडांत हळूहळू वाढतात, आणि त्यांनी सगळं फस्त केलं, की मगच मासे आणि प्रवाळ. हे सगळं बाबांनी आईला, मूगला, पेपरवाल्याला आणि एकदा चुकीचा नंबर लागलेल्या एका अनोळखी बाईला समजावून सांगितलं होतं. ती बाई फार सोशिक होती.

फ्रिजवरच्या तक्त्यात अमोनियाच्या रकान्यात पहिल्या दिवसापासून शून्य होतं. दुसऱ्या दिवशी शून्य. बेचाळीस दिवस, बेचाळीस शून्यं, सगळी सुरेख अक्षरात.

"आपले जंतू म्हणजे नुसते बकासुर!" बाबा छाती फुगवून सांगायचे. आणि बकासुरांची उपासमार नको, म्हणून दर तीन दिवसांनी आणखी एक कोळंबी टाकीत जायची. घराला बंदराच्या मागल्या बाजूचा वास सुटला होता. आईने नाकाला पदर लावला, तर म्हणाले, "समुद्राचा वास आहे हा. लोक सुट्टी काढून घ्यायला जातात."

आणि उद्या, रविवारी अकरा वाजता, मासे येणार होते. केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन क्लाऊनफिश आणि बोटांसारखं हलणारं एक प्रवाळ. बरोबर अकरालाच आत्या येणार होती. टाकीची बातमी ऐकल्यावर आत्या फोनवर म्हणाली होती, "याने लहानपणी दोन मासे पाळले होते. एक मांजराने खाल्ला, दुसरा याच्या काळजीने मेला." त्या दिवसापासून बाबांनी हा समुद्र माशांसाठी कमी आणि आत्यासाठी जास्त चालवला होता.

"चला, शेवटची तपासणी!" बाबा स्टुलावरून उतरले. "प्रेक्षक आहेतच."

मूगने ही तपासणी कधी पाहिलीच नव्हती. बाबा ती पहाटे सहाला करायचे आणि पहाटे सहाला मूग जगात नसते. बाबांनी काचेच्या नळीत टाकीतलं पाणी घेतलं. एका बाटलीतून आठ थेंब. दुसऱ्या बाटलीतून आठ थेंब, प्रत्येक थेंब मोठ्याने मोजून. बूच लावलं, नळी हलवली, पाच मिनिटं घड्याळ लावलं. मग रंगांचं कार्ड पुढे धरलं. त्यावर चौकोन होते: सगळ्यात वर पिवळा, त्याच्यापुढे शून्य. खाली खाली हिरवा होत जाणारा. सगळ्यात खाली गडद हिरवा, त्याच्यापुढे आठ.

बाबांनी नळी कार्डावर टेकवली, मान तिरकी केली, एक डोळा मिटला.

"पिवळा!" ते म्हणाले. "शून्य!"

नळीतलं पाणी शाळेच्या फळ्यासारखं हिरवं होतं.

भोंग्याने तोंड उघडलं. "अय्या काका, हा तर..."

मूगने तिच्या पायावर पाय दिला. टाचेने, सगळं वजन टाकून.

"...छान आहे," भोंगा कळवळून म्हणाली.

"निघा आता तुम्ही," मूग म्हणाली. "आईने घर आवरायला सांगितलंय."

"तक्ता अर्धा राहिलाय!"

"अर्धाच चांगला दिसतो. निघा."

दोघींना तिने जवळजवळ ढकलून जिन्यात काढलं. मोज्यांची गोष्ट शाळेत जाणार होतीच, ती काही थांबणार नव्हती. पण मोजे वेगळे आणि ही नळी वेगळी. मोज्यांनी कुणी मरत नाही.

आई बाल्कनीत मशीनवर बसली होती. शेजारी रिळांची पेटी. त्यात हिरव्याच्या नऊ छटा ओळीने मांडलेल्या.

"आई, बाबांना लाल-हिरवा कळत नाही का?"

मशीन थांबलं नाही. "तुला आज कळलं?"

"तुला माहीत होतं?"

"लग्नाला सतरा वर्षं झाली. पहिल्याच महिन्यात हिरवा म्हणून लाल शर्ट घालून माझ्या भावाच्या घरी आले होते." आईने दोरा तोडला. "तरुणपणी एका नोकरीत डोळे तपासले तेव्हा नापास झाले. तेव्हापासून कुणाला सांगत नाहीत. मी मोज्यांच्या जोड्या लावून ठेवायची, शर्टावर पँट काढून ठेवायची. संपला विषय."

"मग आज?"

"टाकी आली त्या दिवसापासून लावत नाही." आईने बाल्कनीत कोंबलेल्या टेबलाकडे पाहिलं. "त्यांचा समुद्र, त्यांचे मोजे."

म्हणजे सहा आठवडे आई संपावर होती आणि बाबा सहा आठवडे एक शेवाळी, एक विटकरी असे सगळ्या बाजारात काटे तपासत फिरत होते. एरवी मूग हसून हसून लोळली असती.

"आई, अमोनियाची तपासणी रंगावरून असते. पिवळा म्हणजे शून्य. हिरवा म्हणजे विष. आत्ता ते फळ्याएवढं हिरवं आहे आणि बाबांनी शून्य लिहिलंय."

आता मशीन थांबलं.

"अगं बाई," आई म्हणाली. तिने सुई कापडातून वर काढली. मग हळूच म्हणाली, "एक कर. त्या माशांच्या दुकानवाल्या काकूंना फोन कर आणि म्हणावं, मासे आणणारी गाडी बिघडल्याचं कळवा. रोज सकाळी तू गुपचूप नळी बघ. त्यांना कळायला नको. फार मनाला लावून घेतात गं."

म्हणजे पुन्हा जोड्या लावून ठेवायच्या. आईने मोज्यांच्या, लेकीने नळ्यांच्या. बऱ्याच दिवसांनी मूगने पुन्हा मूग गिळले आणि फोन उचलला.

माशांच्या दुकानाच्या काकूंचा आवाज फोनवरसुद्धा ओला आणि खारट होता.

"हिरवं म्हणजे किती हिरवं?"

"फळ्यासारखं."

"बापरे. तुझे बाबा तर मला रोज शून्य सांगतात. कोळंबी टाकताय अजून?"

"दर तीन दिवसांनी एक."

"एकदाच टाकायची असते ती! सहा आठवड्यांत किती झाल्या?" काकूंनी श्वास घेतला. "एवढ्या विषात जंतूच गुदमरलेत. आता सांग, उद्या मासे पाठवू, की त्यांचे मृत्यूचे दाखले पाठवू?"

"नका पाठवू," मूग म्हणाली.

"घरी काय सांगायचं? गाडी बिघडली म्हणू?"

मूगने हॉलकडे पाहिलं. बाबा टाकीसमोर उकिडवे बसले होते. टाकीत एकही जीव नव्हता, तरी पंपाच्या लाटेने दगडावरचं कसलंसं तपकिरी शेवाळ डुलत होतं आणि बाबा त्याच्याबरोबर मान डुलवत होते.

"नको," ती म्हणाली. "मी सांगते."

संध्याकाळी तिने आईला मशीनवरून उठवून हॉलमध्ये आणलं, सोफ्यावर बसवलं. बाबांना स्टुलावर बसवलं. स्वतः टाकीसमोर उभी राहिली, हातात ती नळी.

"उद्या मासे येणार नाहीत. मी काकूंना फोन करून नको म्हणून सांगितलं."

"काय?" बाबा उठलेच. "अगं, आत्या येतेय! तुला कुणी सांगितलं चोंबडेपणा करायला?"

"बाबा, ही नळी कोणत्या रंगाची आहे?"

"पिवळी. शून्य. दुपारी तुझ्यासमोरच..."

"हिरवी आहे. अगदी कार्डाच्या तळातली हिरवी. आणि मोजे तपकिरी नाहीत. एक शेवाळी आहे, एक विटकरी."

बाबांनी आईकडे पाहिलं. आईने आपल्या नखांकडे पाहिलं. बाबा फ्रिजपाशी गेले आणि त्या बेचाळीस शून्यांसमोर उभे राहिले, अशा चेहऱ्याने की मूगला वाटलं, आपण गाडी बिघडवायलाच हवी होती.

"सगळी?" त्यांनी विचारलं.

"आजचं मी पाहिलं. बाकीची तुमचे बकासुर जाणोत."

"आणि मी त्यांना वरून कोळंब्या वाढत होतो."

"आग्रहाने," आई म्हणाली. तिचे ओठ थरथरायला लागले होते.

"वीस वर्षं मी लोकांचे खोटे काटे पकडतोय," बाबा तक्त्याकडे बघत म्हणाले. "आणि घरातला काटा..."

"काटा खोटा नाही," मूग म्हणाली. "एका रंगाला अडतो, एवढंच. तुमचं मीठ बरोबर आहे, तापमान बरोबर आहे. काकू म्हणाल्या, अर्धं पाणी बदला, कोळंबी बंद करा, तीन-चार आठवड्यांत जंतू सावरतील. पण बाबा, रंग दिसत नाहीत तर एवढी प्रवाळाची टाकी आणलीत कशाला?"

बाबांना या प्रश्नाचं मोठंच आश्चर्य वाटलं. "रंगांसाठी कोण आणतंय? ते हलतं गं. तासन् तास हलतं. तू बघशील ना, एकदा आलं की." मग खाली बघून, एक पाय दुसऱ्यामागे लपवत म्हणाले, "भोंग्याने पाहिलं का हे?"

"मोजे पाहिलेत. सोमवारपर्यंत शिपायालासुद्धा माहीत होईल."

आई एवढा वेळ दाबून धरलेलं हसली. सहा आठवड्यांचं एकदम. तिला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. बाबा आधी रागावून बघत राहिले, मग त्यांनी शेवाळी मोजा काढला, दिव्यासमोर धरला, विटकरी काढला, तोही धरला आणि म्हणाले, "शपथेवर सांगतो, सेम आहेत!" तेव्हा मूगसुद्धा फरशीवर बसली.

हसणं ओसरल्यावर ती उठली, फ्रिजवरचा तक्ता काढला आणि पेनचं टोपण दाताने उघडलं.

"आता दोघांनी ऐका, मी ठरवलंय. उद्यापासून नळी मी वाचणार. पहाटे सहाला. हो, मी उठणार, हसू नका. थेंब बाबा मोजणार, रंग मी सांगणार, आणि माझा रंग येईपर्यंत रकान्यात काही लिहायचं नाही. सलग सात दिवस खरं शून्य आलं तरच मासे. आई, तू मोज्यांच्या जोड्या गुपचूप लावायच्या नाहीत. बाबा, तुम्ही विचारायचं, आई सांगेल. तिचं टेबल उद्याच हॉलमध्ये येणार. सोफा बाल्कनीत जाईल, नाहीतरी तुम्ही स्टुलावरच असता. आणि आत्याला फोन बाबांनी करायचा. समुद्र मी सांभाळते. आत्या नाही."