अलेस्याची फुलं आणि माझं पाणी

मित्रांनो, सिंगापूरला मरीन परेडच्या एका फ्लॅटमध्ये मी राहतो. मी तांब्याचं घंगाळ. आंघोळीचं पाणी काढायचं, दोन कड्यांचं, पसरट पोटाचं जुनं भांडं. तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिलंही नसेल.

पुण्यातल्या एका तांबटानं मला ठोकून ठोकून घडवलं. या घरची मालकीण प्रेमा; तिच्या लग्नात तिच्या आईनं मला तिच्यासोबत दिलं. तिचे यजमान उल्हासराव जहाजावर इंजिनीअर. त्यांची नोकरी इथल्या बंदरातून, म्हणून मीही इथे आलो. दिवाळीच्या पहाटे माझ्यातल्या कढत पाण्यानं त्यांच्या लहानग्या लेकीला, तन्वीला न्हाऊ घालत. पाहुणे माझ्या पोटावरून हात फिरवत आणि म्हणत, "असं काम आता मिळत नाही हो!" मी मनातून फुलून जाई.

पुढे तन्वीला शॉवर आवडू लागला. साठलेल्या पाण्यात डास होतील या धास्तीनं मला बाल्कनीत पालथं घातलं. चार वर्षं माझं तोंड फरशीला आणि पाठीवर कुंडी. तांबटाचे घाव सोसले, पण हे सोसवेना.

मग २०१३ चा जुलै उजाडला. उल्हासरावांच्या जहाजावर इंजिनरूमला आग लागली. ऑफिसातून फोन आला, "आग विझली आहे. दोघे जखमी आहेत. नावं कळली की सांगतो." त्यालाही एक दिवस उलटून गेला. प्रेमा फोनजवळून हलत नव्हती.

त्या संध्याकाळी समोरच्या फ्लॅटमधली अलेस्या आली. ती बेलारूसची, मुलांना पियानो शिकवायची. तिच्या हातात फुलांची तीन छोटी कडी होती. तिच्या गावी ऐन उन्हाळ्यात कुपाला नावाचा सण करतात, तो त्याच दिवशी होता. मुली रानफुलांची कडी गुंफतात, त्यात मेणबत्ती लावून नदीत सोडतात. कडं तरंगत राहिलं तर भलं होतं आणि बुडालं तर संकट येतं, अशी समजूत. इथे रानफुलं कुठली! तिनं जास्वंद, झेंडू आणि तुळस गुंफली होती.

"समुद्रावर पहारेकऱ्यानं मेणबत्ती लावू दिली नाही," ती म्हणाली. "बादलीभर पाणी दे. आणि आज तू एकटी बसू नकोस."

प्रेमा नको म्हणणार होती. पण तन्वीनं माझ्यावरची कुंडी उतरवली आणि मला खरखर ओढत आत आणलं. "आई, हे घे! बिग वन!"

चार वर्षांनी माझ्यात पाणी पडलं. मित्रांनो, तो गारवा मी कसा सांगू!

"माझी आजी सांगायची," अलेस्या मेणबत्त्या लावत म्हणाली, "आजच्या दिवसापर्यंत नदीत उतरायचं नाही. पाण्यात भूत होऊन राहिलेल्या पोरी पाय धरून ओढतात. आजपासून मात्र पाणी औषध होतं. आणि एरवी कधीच न फुलणाऱ्या नेच्याला, म्हणजे फर्नला, आज रात्री फूल येतं. ते सापडेल त्याला सगळं मिळतं."

"खालच्या रेन ट्रीवर कित्ती नेचे आहेत! चेक करू, ला!" तन्वी म्हणाली. "ला" हे तिच्या बोलण्याला चिकटलेलं सिंगापुरी शेपूट. प्रेमा दोन दिवसांत पहिल्यांदा हसली.

तीन कडी माझ्यात फिरू लागली. थोड्या वेळानं प्रेमाचं कडं माझ्या धरायच्या कडीच्या खिळ्याला अडकलं, कललं, मेणबत्ती चर्रकन विझली आणि फुलं खाली गेली.

प्रेमाचा चेहरा पांढराफटक पडला. "उल्हास..." एवढंच ती बोलली.

मला ओरडून सांगायचं होतं, "अगं, दोष माझा आहे! माझ्या तळाला चीर गेली आहे, पाणी उतरतंय, म्हणून ते खिळ्याला अडकलं!" पण भांड्याला कुठली वाचा?

"आई, फ्लोअर वेट आहे!" तन्वी ओरडली. ती गुडघ्यावर बसून माझ्याखाली बघत होती. "घंगाळ लीक होतंय! म्हणून बुडालं, ला!"

अलेस्यानं ओंजळभर पाणी घेऊन प्रेमाचं तोंड धुतलं. "सोळाव्या वर्षी माझंही बुडालं होतं. बघ, आहे मी." प्रेमा तिच्या खांद्यावर डोकं टेकून मनसोक्त रडली.

रात्री फोन आला. जखमी दोघांतले एक उल्हासरावच होते. उजवा हात भाजला होता, पण जिवाला धोका नव्हता.

ते घरी आले तेव्हा बोटं आखडलेली होती. जखमा भरल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, रोज कोमट पाण्यात हात बुडवून मूठ उघडा, मिटा. बेसिन उथळ पडलं. मग उल्हासरावांनी तन्वीला शेजारी बसवलं. ते सांगत गेले आणि तिनं आपल्या हातांनी माझ्या चिरेला कथील वितळवून डाख लावला. पहिला वाकडा बसला, दुसरा पक्का.

तेव्हापासून रोज सकाळी माझ्यात कोमट पाणी भरतात. अलेस्या दारातून विचारते, "आज किती?" चार बोटं पुरती उघडतात. करंगळी अजून हटून बसली आहे.

मित्रांनो, बुडालेल्या फुलांवरून पुढचं काही कळतं का, ते मला ठाऊक नाही. पण तुमच्या घरात एखादं जुनं भांडं पालथं पडलं असेल, तर ते एकदा सरळ करा. पाणी भरून बघा. गळत असेल तर टाकू नका, डाख लावा. आणि शेजारच्या घरात कुणी फोनकडे बघत बसलं असेल, तर बोलावण्याची वाट न पाहता दार वाजवा.