चिंध्यांच्या घड्या

संघमित्राने सुरीच्या शिसवी मुठीवर अंगठ्याचे नख ओढून पाहिले. लॅकरच्या चकचकीत थरावर पांढरी रेघ उमटली. मग तिने शेजारची, जवसाचे तेल मुरवलेली मूठ उचलली. तिच्यावरूनही नख सरकले, पण मागे काही राहिले नाही. लाकूड जसे होते तसेच, किंचित मंद, हाताला सुके लागणारे.

शुक्रवारी हितेश येणार होता. हॉटेलांच्या स्वयंपाकघरांना सुऱ्या पुरवणारा हा नेरूळचा माणूस तुर्भ्याच्या या गाळ्यातूनच मुठी घेई, आणि त्याला लॅकरच हवे होते. फोटोत चकाकते ते विकले जाते, असे त्याचे म्हणणे. तेलाच्या मुठी पाहून तो गेल्या खेपेला हसला होता.

"ताई, या तर भजी खाऊन आल्यासारख्या दिसतात."

तिने त्याला समजावले होते. दिवसभर पाण्यात असणाऱ्या सुरीवरचे लॅकर चार महिन्यांत पापुद्र्यासारखे सुटते आणि त्याखाली पाणी साठून लाकूड कुजते; तेल आत जाते, त्याला सुटायला थरच नसतो. हितेश जवळजवळ पटला होता. पण मधल्या एका रविवारी गाळ्यात आग लागली आणि तिचे तिलाच काही पटेनासे झाले.

गाळा बंद होता. भर दुपारी शेजारच्या गाळ्याच्या वॉचमनला खिडकीतून धूर दिसला. त्याने काच फोडून बादल्या ओतल्या. खिडकीजवळच्या कोपऱ्यातले चिंध्यांचे पोते, एक लाकडी मांडणी आणि तयार मुठींचा ढीग एवढेच जळाले. दुसऱ्या दिवशी वायरमनने सगळे बोर्ड उघडून पाहिले आणि वायरिंग ठीक असल्याचे सांगितले. निघताना तो थांबला होता. आतलेच कोणी नसेल ना, तेवढे बघा, असे हळू आवाजात म्हणाला होता.

गाळ्याच्या किल्ल्या दोन. एक तिच्याकडे, दुसरी प्रितमकडे.

प्रितम कोपरखैरण्याजवळच्या जुन्या गावातला. अकरा वर्षे इथे खरादीवर मुठी कातत होता, आणि लॅकर मारायच्या स्प्रे गनचे काम त्याच्याखेरीज कोणी केलेले नव्हते. थंडीत तिने लॅकर बंद केले तेव्हा त्याने गन पुसून खिळ्याला लटकवली आणि फक्त म्हटले होते, "तेलाचं काम सोपं नाय, ताई." त्या वेळी ते तिला रुसणे वाटले होते. आता ती त्या वाक्याकडे पुन्हा पुन्हा जाई. गेल्या दहा दिवसांत त्याने जळक्या भिंतीकडे मान वर करून पाहिलेले तिला आठवत नव्हते. एकदा तो हात धुवायला गेला असताना तिने खुंटीवरच्या त्याच्या शर्टाचा खिसा चाचपला. काडेपेटी नव्हती. तरी तिचे समाधान झाले नाही. तो विडी ओढत नाही हे तर तिला आधीपासूनच ठाऊक होते.

तेल आणण्यामागे हॉटेलांखेरीज आणखी एक कारण होते. ते खिडकीपाशी स्टुलावर बसलेले असे. मारोती, तिचे वडील, तिचे आबा. हिंगोलीकडून येऊन त्यांनी एका खरादीवर हा गाळा उभा केला होता. गेल्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला, उजवा हात गेला, आणि डॉक्टरांनी लॅकरमधल्या थिनरच्या वासात पाऊलही टाकायचे नाही असे बजावले. सहा महिने ते घरी भिंतीकडे तोंड करून पडून होते. तेल आल्यावर ते पुन्हा येऊ लागले. मूठ मांड्यांत धरायची, डाव्या हाताने तेल चोपडायचे, मुरू द्यायचे, उरलेले कोरड्या चिंधीने पुसून काढायचे, एवढे त्यांना जमे. रोज सकाळी ते दाढी करून, धुतलेला सदरा मागून घेऊन निघत. वापरलेल्या चिंधीची चौपदरी घडी घालायची, ती घट्ट वळायची आणि स्टुलाजवळच्या पोत्यात दाबून बसवायची, ही त्यांची जुनी शिस्त. काम संपल्यावर जमिनीवर एक चिंधी पडलेली त्यांना खपत नसे.

लॅकर परत आले तर ते स्टूल रिकामे होणार होते. पण तेलाच्या मुठी पुन्हा जळणार नाहीत याची खात्री असल्याशिवाय हितेशला शब्द देता येत नव्हता, म्हणून आग कोणी लावली हे तिला शुक्रवारच्या आत कळायला हवे होते.

मंगळवारी आबांनीच तिला जवळ बोलावले. आगीनंतर आणलेल्या नव्या पोत्याचे तोंड उघडून दाखवले.

"माह्या चिंध्या कोन नेतंय गं? काल भरलेलं पोतं, आज बुडाला गेलंय."

"कोण नेईल आबा चिंध्या?"

"तेच म्हनतो मी. कोन नेईल?" त्यांनी खरादीकडे पाहिले आणि आवाज उतरवला. "मानूस चांगला हाय, पर नजर ठेव."

पोते खरोखरच रिकामे होते. तेलाने भिजलेल्या चिंध्या एखाद्याला कशासाठी लागतील, याचे तिला एकच उत्तर सुचले: पुन्हा आग लावायला. बुधवारी तिने प्रितमकडून किल्ली मागून घेतली. कुलूप बदलायचे आहे, असे कारण सांगितले. त्याने करदोट्याला अडकवलेली किल्ली सोडवली, बोटांनी पुसली आणि तिच्या हातावर ठेवली. कुलूप कधी बदलणार, हे विचारले नाही. त्याच संध्याकाळी ओळखीच्या एका कारखानदाराला फोन करून तिने दुसरा खरादी कारागीर मिळेल का, याची चौकशी केली.

गुरुवारी सहाला तिने आबांना रिक्षात बसवून घरी पाठवले आणि गाळ्याला कुलूप लावले. प्रितम नेहमी मागे रेंगाळणारा. आज त्याला तिच्याबरोबरच बाहेर पडावे लागले. त्याच्या काखेत एक फुगलेली प्लास्टिकची पिशवी होती.

"काय आहे?"

"काय नाय. कचरा."

तो कचराकुंडीच्या दिशेने गेला नाही. गाळ्यांच्या मागच्या गल्लीत वळला. संघमित्रा उभ्या ट्रकांच्या आडून मागे गेली. अजून पुरते ऊन होते. मागच्या कुंपणाच्या तारेपाशी नळ होता. प्रितमने तिथली बादली भरली, पिशवी उघडली आणि एकेक वळकटी काढून तिची घडी मोडू लागला. चिंधी पाण्यात बुचकळायची, झटकायची, तारेवर सुटी पसरायची. आधीच्या काही चिंध्या तारेवर वाळून पत्र्यासारख्या ताठ झाल्या होत्या.

तिची चाहूल लागली तरी तो दचकला नाही. पिशवीत हात घालून त्याने तळाची एक वळकटी काढली आणि तिच्यापुढे धरली.

"बघा. आत बोट घाला."

तिने घडीत बोट सरकवले. चिंधी गरम होती. बाहेरून नव्हे, आतून. ताप आलेल्या लेकराच्या काखेसारखी.

"माझ्या बाच्या, होडीला तेल लावायच्या चिंध्या अशाच पेटल्या होत्या," प्रितम म्हणाला. "तेल वाळताना तापतं. घडी घालून दाबून ठेवलं का आतल्या आत जळतं. कोनी काडी लावाया नको."

"मग मला सांगितलं का नाही? आबांना तरी?"

त्याने वळकटी मागे घेतली, उलगडली, बुचकळली.

"त्यांना काय सांगू? तुमच्या हातानं जळलं म्हनून? दुसऱ्या दिवशी ते आले असते का?" तो तारेकडे वळला. "आन् तुमाला सांगितलं असतं, तर तुमी तेल बंद केलं असतं."

तिने बॅगेत हात घातला. किल्ली काढली, पण तेव्हाच्या तेव्हा द्यायला हात पुढे होईना. शेवटी तिने ती नळाजवळच्या पालथ्या पिंपावर, त्याच्या जेवणाच्या डब्याशेजारी ठेवली. पिशवीत अजून सात-आठ वळकट्या होत्या. तिने बाह्या वर सारल्या आणि तारेच्या दुसऱ्या टोकापासून पसरायला घेतल्या.

शुक्रवारी हितेश आला. तिने त्याच्यापुढे एकच मूठ ठेवली, तेलाची. चार महिने वापरून बघा, मग बोला, म्हणाली. तो बराच वेळ मूठ ओल्या हाताने दाबून पाहत राहिला आणि पहिल्या खेपेपुरते कबूल झाला. तो गेल्यावर ती खिडकीपाशी आली. आबांनी पोत्याकडे बोट केले.

"आजबी कमी हायती. म्या नव्हतं सांगितलं?"

खरादीचा आवाज मंदावला.

"मी नेते, आबा."

"तू?" त्यांनी तिच्याकडे निरखून पाहिले. "तुला कशाला लागतात?"

"लागतात."

त्यांचा विश्वास बसला नाही हे उघड होते. मग त्यांनी हातातल्या चिंधीची डाव्या हाताने, मांडीवर दाबून, सावकाश चौपदरी घडी घातली.

"इचारून न्यावं मानसानं," ते म्हणाले, आणि घडी पोत्यात न टाकता तिच्यापुढे धरली.

खराद पुन्हा सुरू झाली. संघमित्राने घडी दोन्ही हातांत घेतली. ती अजून गार होती.